१४ चे टायर की १५ चे? स्विफ्टच्या ॲव्हरेजचा नीट हिशेब

स्विफ्टच्या एलएक्सआय आणि व्हीएक्सआयला कंपनीकडून १६५/८० आर १४ टायर येतात, झेडएक्सआयला १८५/६५ आर १५. त्यामुळे खालच्या मॉडेलचे टायर झिजले की दुकानात प्रश्न पडतोच. आहे तीच साईज टाकायची, त्याच डिस्कवर (रिमवर) १८५/७० बसवायचे, की १५ किंवा १६ च्या अलॉयवर जायचं? त्यात कुणीतरी सांगतं, "रुंद टायर टाकलास की ॲव्हरेज गेलं बघ." हे अर्धंच खरं आहे. रुंदी नंतर बघायची, आधी टायरचा बाहेरचा पूर्ण व्यास काढायचा.

तो काढणं सोपं आहे. १६५/८० आर १४ मध्ये १६५ ही रुंदी मिमीत, ८० हे टक्के आणि १४ हे रिमचे इंच. रुंदीच्या ८० टक्के म्हणजे साईडवॉल, टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. तिची दुप्पट करा आणि त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा.

| साईज | साईडवॉल (मिमी) | व्यास (मिमी) | मीटरवर १०० किमी म्हणजे खरे |
|---|---|---|---|
| १६५/८० आर १४ | १३२ | ६२० | १०० |
| १८५/७० आर १४ | १२९.५ | ६१५ | ९९.२ |
| १८५/६५ आर १५ | १२० | ६२१.५ | १००.३ |
| १९५/५५ आर १६ | १०७ | ६२१ | १००.२ |
| २०५/६५ आर १५ | १३३ | ६४७.५ | १०४.५ |

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा (मीटर १६५/८० वर अचूक आहे असं धरून). मीटर अंतर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. गाडी उंच दिसावी म्हणून कुणी २०५/६५ बसवले, तर मीटरवर ५०० किमी होतात तेव्हा गाडी खरं तर ५२२ च्या आसपास धावलेली असते. त्या अंतराला २५ लिटर पेट्रोल लागलं, तर कागदावर ॲव्हरेज २० येतं, प्रत्यक्षात ते जवळपास २०.९ असतं. म्हणजे न झालेलं नुकसान दिसतं. १८५/७० मध्ये उलटं होतं, मीटर थोडं जास्त दाखवतो आणि ॲव्हरेज वाढल्यासारखं वाटतं.

नव्या टायरचंही असंच आहे, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. नव्या टायरची नक्षी साधारण ७-८ मिमी खोल असते, कायद्याची मर्यादा १.६ मिमी. पूर्ण झिजलेला टायर व्यासाने १२ मिमीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ २ टक्के लहान झालेला असतो. शिवाय नक्षी कमी उरली की रबर कमी दबतं आणि टायर हलका फिरतो. त्यामुळे तीच साईज, तीच कंपनी घेतली तरी पहिल्या काही टाक्यांना ॲव्हरेज उतरलेलं दिसतं. साईजही त्याच वेळी बदललेली असेल, तर सगळा दोष तिच्या माथी जातो.

आता खरा खर्च. तो तीन ठिकाणी होतो: टायर फिरताना रबर दबून जाणारी ऊर्जा, चाकाचं वजन आणि हवेचा रोध. पहिल्यात रुंदीपेक्षा रबराचं मिश्रण आणि बांधणी जास्त ठरवते. हा रोलिंग रेझिस्टन्स १० टक्क्यांनी कमी-जास्त झाला, तर इंधनात १ ते २ टक्क्यांचा फरक पडतो. जास्त पकड देणारा स्पोर्टी टायर १४ चा असला तरी पेट्रोल खाईल, आणि इंधन बचतीसाठी बनवलेला १५ चा टायर जुन्या १४ इतकाच हलका चालू शकेल. वजन जाणवतं ते थांबत-थांबत चालताना. कोल्हापुरात दसरा चौक ते शिरोली नाक्यापर्यंत संध्याकाळी दर सिग्नलला जड चाक पुन्हा फिरवावं लागतं. हवेचा रोध हायवेला ८०-९० च्या पुढे बोलायला लागतो.

मोठ्या व्यासाचा आणखी एक तोटा घाटात कळतो. २०५/६५ म्हणजे प्रत्येक गिअर साडेचार टक्क्यांनी लांब झाल्यासारखा. पन्हाळ्याच्या चढाला किंवा भरल्या गाडीने करूळ घाट चढताना दुसऱ्याच्या जागी पहिला टाकावा लागतो, क्लच घासतो. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा वेग ८३ च्या पुढे असतो. व्यास मूळच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवा, हा नियम त्यासाठीच पाळायचा. माझ्या मते ही साईज स्विफ्टला घेऊच नये.

पैशांत बोलू. वर्षाला १२,००० किमी, ॲव्हरेज २० आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर ॲव्हरेज ३ टक्के घसरल्यावर साडेअठरा लिटर जास्त लागतं, म्हणजे साधारण १,९५० रुपये. एवढ्यासाठी १५ ची साईज नाकारण्यात अर्थ नाही, पण चार अलॉय घेऊन पेट्रोल वाचेल, या आशेलाही आधार नाही.

मग घ्यायचं काय? गगनबावडा, राधानगरी, आजरा अशा बाजूला रोजचं जाणं असेल, तर १६५/८० च ठेवा. पावसाळ्यातल्या खड्ड्यांना १३२ मिमीची साईडवॉल लागते, आणि टायर स्वस्तही पडतो. पुणे किंवा बेळगावला हायवेने वरचेवर जाणं असेल, तर १८५/६५ आर १५ घ्या. वळणावर आणि ओल्या रस्त्यावर गाडी जास्त स्थिर वाटते, आणि साईज कंपनीनेच याच गाडीला दिलेली असल्याने कागदोपत्रीही अडचण येऊ नये. झेडएक्सआयच्या वापरलेल्या पण सरळ डिस्क मिळाल्या तर अलॉयचा खर्चही वाचतो. डिस्क तीच ठेवून थोडी पकड हवी असेल, तर १८५/७० चालेल, फक्त लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) जुन्यापेक्षा कमी नको. १६ ची साईज मी सुचवणार नाही. १०७ मिमीची साईडवॉल आपल्या खड्ड्यांत रिमला वाचवत नाही आणि बदल्यात इंधनात काही मिळत नाही.

साईज कुठलीही घ्या, नवे टायर बसले की हायवेवर किलोमीटरचे दगड किंवा फोनचं जीपीएस धरून मीटर एकदा ताडून बघा आणि तो फरक टाकी फुल्ल ते टाकी फुल्लच्या हिशेबात धरा. हवा थंड टायरमध्ये, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. १५ चे टाकले तर झेडएक्सआयचा आकडा बघा. चारही टायरमध्ये १ पीएसआय हवा कमी असली की सुमारे ०.२ टक्के ॲव्हरेज जातं. ८ पीएसआय कमी ठेवून फिरलात, तर १४ वरून १५ वर जाण्याने गेलं असतं तेवढं पेट्रोल कदाचित इथेच जाईल.