रोटेनबुर्ग: तटाखाली उतरलात तरच पैसे वसूल

आधीच सांगून टाकतो, मी नोकरीभर आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं. त्यामुळे हे परीक्षण लाकडाच्या बाजूने झुकणार. ज्यांना फक्त फोटो हवेत त्यांनी प्लोनलाइनच्या तिठ्यावर उभं राहावं. पिवळं तिरकं घर, मागे दोन वेशी, समोर रांगेत मोबाइल. पाच मिनिटांत काम होतं.

जर्मनीच्या बव्हेरियातलं रोटेनबुर्ग ओब डेर टाउबर हे गाव टाउबर नदीच्या खोऱ्यावर, उंच कड्यावर वसलं आहे. बहुतेक लोक सकाळी बसने येतात, चौक बघतात, श्नेबालन खातात आणि जातात. श्नेबालन म्हणजे मैद्याच्या पट्ट्यांचा तळलेला गोळा, वर पिठीसाखर. आम्ही घेतलेला कोरडा ठणठणीत निघाला, अर्धा तसाच राहिला. १६३१ साली माजी महापौराने सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन गाव वाचवलं, ही गोष्ट प्रत्येक गाइड रंगवून सांगतो. ऐकायला मजा येते, इतिहास म्हणून धरू नका.

गावाभोवतीच्या तटावरून मात्र चालाच. लाकडी छपराखालून वाट जाते, उंच माणसांनी डोकं सांभाळावं. ३१ मार्च १९४५ ला इथे बॉम्ब पडले आणि गावाचा पूर्वेकडचा मोठा भाग गेला. पुढे देणगीदारांच्या पैशातून तट पुन्हा उभा केला. त्यांच्या नावांचे दगड भिंतीत बसवले आहेत, त्यात जपानी नावं पुष्कळ. आमची सूनबाई ती नावं वाचत बसली, मी छपराचे सांधे बघत बसलो.

आता मुख्य गोष्ट. सेंट याकोब चर्चमध्ये तिकीट काढून जिन्याने वरच्या मजल्यावर जा. तिथे पाचशे वर्षांपूर्वीचा लाकूड कोरणारा कारागीर टिलमान रीमेनश्नायडर याची लाकडी वेदी आहे, म्हणजे पूजेच्या चौथऱ्यामागे उभा केलेला कोरीव मूर्तींचा देखावा. विषय येशूचं शेवटचं भोजन, पण ऐन मधोमध आहे त्याला दगा देणारा शिष्य यहूदा! पाठीमागे छोट्या गोल काचांच्या खिडक्या आहेत, त्यांतून येणारा उजेड प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, मधून पुढे झिरपतो. रंग दिलेला नाही, त्यामुळे कपड्यांच्या चुण्यांवर पटाशी कुठे वळली ते उघड दिसतं. रंगाखाली चूक लपते, इथे लपायला जागाच नाही. लाकूड लिंडनचं, मऊ आणि एकसारख्या रेषेचं. त्या काळचे कारागीर मूर्ती मागून पोखरून घेत, म्हणजे लाकूड वाळताना चीर पडत नसे. आणखी एक गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची: भोवतीची नाजूक चौकट एरहार्ट हार्शनर नावाच्या सुताराची. त्याला ५० गुल्डेन (तेव्हाचं नाणं) मिळाले आणि रीमेनश्नायडरला ६०. फरक फक्त दहाचा! आज मात्र सगळीकडे नाव एकाचंच घेतात.

इथून बुर्गगार्टेनमध्ये जा. जुना किल्ला १३५६ च्या भूकंपात गेला, आता बाग आहे. तिथल्या कठड्यावरून खाली खोरं, दुमजली कमानींचा पूल आणि द्राक्षमळे दिसतात. पण नुसतं बघून परत फिरू नका, पायवाटेने खाली उतरा. वाट उताराची आहे, चपला घालून जाऊ नका.

नदीकाठी टॉप्लरश्लोसखेन लागतं. महापौर हाइनरिख टॉप्लरने १३८८ मध्ये बांधलेलं हे घर बघून मी हसलोच. खाली अरुंद दगडी बुरूज, वर लाकडी चौकटीचं घर चारही बाजूंनी बाहेर आलेलं, डोक्यावर भलं मोठं गाठोडं घेतलेल्या माणसासारखं. बिचारा टॉप्लर १४०८ मध्ये गावाच्याच तुरुंगात मेला. घर आतून बघायच्या वेळा मोजक्या असतात, आधी चौकशी करून जा. बाहेरून तुळयांची टोकं बघितली तरी माझे पैसे फिटले, आणि बाहेरून बघायला पैसे पडतच नाहीत.

पुढे डेटवांग हे खेडं. नदीच्या कडेने सपाट चाल, गर्दी नाही. छोट्या चर्चमध्ये रीमेनश्नायडरची दुसरी वेदी आहे, क्रुसावरचा येशू मधोमध. ती मुळात रोटेनबुर्गच्या दुसऱ्या चर्चसाठी केलेली. इथे मावेना म्हणून रुंदी कापून बसवली! माझ्या वर्गात कुणी असं केलं असतं तर त्याला दिवसभर रंधा मारायला लावला असता. तरी काम इतकं जबर आहे की कापूनही उरलं.

वेळ असेल तर वीसेक किलोमीटरवर क्रेगलिंगेन गाठा. आम्ही मुलाच्या गाडीने गेलो. गावाबाहेर शेतात हेरगॉट्सकिर्खे नावाचं चर्च उभं आहे. १३८४ मध्ये नांगरताना एका शेतकऱ्याला पवित्र भाकर सापडली म्हणून ते बांधलं, असं सांगतात. आतली रीमेनश्नायडरचीच, येशूची आई मरीया हिच्या स्वर्गारोहणाची वेदी मला याकोबपेक्षाही सरस वाटली. देवदूत तिला वर नेतायत, खाली प्रेषित दोन गटांत उभे, आणि मधली जागा चक्क रिकामी. तिथे काहीतरी कोरायचा मोह टाळणं हेच खरं कसब. सोळाव्या शतकात इथले लोक प्रोटेस्टंट झाले, त्या धर्मसुधारणेनंतर ही वेदी बंद पडून राहिली, ती १८३२ मध्ये पुन्हा उघडली. हा कारागीर पुढे वुर्झबुर्गचा महापौरही झाला आणि १५२५ च्या शेतकरी उठावानंतर तुरुंगात त्याचा छळ झाला, हे मला तिथेच कळलं.

समोरच शिवणकामाच्या अंगुस्तानांचं संग्रहालय आहे. मी नाक मुरडत गेलो, पण ही तिथून लवकर निघायला तयार नव्हती. तेव्हा चर्च आणि संग्रहालय दोन्हींसाठी मिळून दुपार राखून ठेवा, आणि येताना पोटभर खाऊन या, कारण चर्चच्या आसपास खाण्याची सोय फारशी नाही.