नातवाचे पोर्ट्रेट आणि स्नॅपसीड

वाढत्या वयाच्या मुलाचा चेहरा दर पावसाळ्याला थोडा बदललेला असतो. तो बदल जपून ठेवायचा, तर फोटो सुधारणाऱ्या ॲपने उजेड, सावली आणि पार्श्वभूमी हवी तशी बदलू द्यावी, पण चेहरा मात्र आहे तसाच राहू द्यावा, अशी माझी अपेक्षा असते. नातवाचे पोर्ट्रेट करताना याच कसोटीवर मी स्नॅपसीड वापरते आणि ते मला मनापासून आवडले आहे. निक सॉफ्टवेअर या कंपनीने 2011 साली हे ॲप प्रथम आयपॅडसाठी आणले. 2012 साली गुगलने ती कंपनी घेतल्यावर ते अँड्रॉइडवरही आले आणि मोफत झाले. त्यात जाहिराती नाहीत, ही माझ्या वयाच्या माणसाला फार मोठी सोय वाटते.

अर्थात मूळ फोटोच नीट नसेल, तर कोणतेही ॲप फारसे काही करू शकत नाही. बेळगावजवळच्या आमच्या खानापूर भागात पावसाळ्यात दिवसभर आभाळ भरून असते आणि कौलारू घराच्या पडवीत जो मऊ, एकसारखा उजेड येतो, त्यासाठी स्टुडिओवाले मोठाल्या छत्र्या लावतात. नातवाला पडवीच्या कडेला, तोंड अंगणाकडे किंचित वळवून बसवावे, म्हणजे एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर हलकी सावली पडते. मोबाइल त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. फार जवळून फोटो काढला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात, म्हणून चार-पाच पावले मागे सरून दुप्पट झूमची लेन्स वापरावी, आणि चेहरा आपोआप गुळगुळीत करणारा कॅमेऱ्यातला ब्यूटी मोड आधीच बंद करावा.

स्नॅपसीडमधले माझे सर्वांत आवडते साधन म्हणजे सिलेक्टिव्ह. चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूवर बोट टेकवले की तिथे एक ठिपका उमटतो. दोन बोटांनी त्याचा घेर लहानमोठा करता येतो आणि मग तेवढ्याच भागाचा उजेड वाढवता किंवा कमी करता येतो. हे ॲप रंगातले साम्य ओळखत असल्यामुळे गालावरचा बदल मागच्या भिंतीवर सहसा सांडत नाही. पोर्ट्रेट नावाच्या साधनात त्वचा गुळगुळीत करण्याची सोयही आहे, पण लहान मुलासाठी ती शून्यावरच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. हनुवटीवरचा पडल्याचा व्रण, उन्हाने रापलेले कपाळ, पुढच्या दोन दातांचे खिंडार, हेच तर त्या वर्षाचे वय असते. नातवाने स्वतःच मला बजावले होते, "आज्जी, पडलेला दात दिसू दे की!" आपल्याकडे पोर्ट्रेट म्हटले की चेहरा गोरा करून देण्याची जी सवय अनेक स्टुडिओंना लागली आहे, ती मला मुळीच मान्य नाही. कृष्णधवल फोटो करतानाही हे लक्षात ठेवावे: ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल फिल्टर निवडला की त्वचा फटफटीत उजळते, तर हिरव्या फिल्टरने सावळ्या वर्णातल्या छटा उठून दिसतात.

कलात्मक भागासाठी डबल एक्सपोजर, म्हणजे एका फोटोवर दुसरा फोटो बसवणारे साधन, विशेष उपयोगी आहे. माझ्याकडे सासूबाईंची एक शहापुरी, म्हणजे बेळगावच्या शहापूरची, साडी आहे. तिच्या काठाचा आणि चौकड्यांचा जवळून फोटो काढून तो मी नातवाच्या फोटोवर बसवला आणि ओपॅसिटी, म्हणजे वरच्या फोटोचा ठळकपणा, कमी केली. सुरुवातीला विणीचे धागे चेहऱ्यावरूनही गेलेले दिसतात, पण तिथे थांबायचे नसते. व्ह्यू एडिट्स या केलेल्या बदलांच्या यादीत जाऊन डबल एक्सपोजरची पायरी निवडावी, ब्रश घ्यावा आणि परिणाम हवा तेवढ्याच भागावर बोटाने रंगवत जावे. ब्रशची तीव्रता 100, 75, 50, 25 आणि शून्य अशी बदलता येते. मागची भिंत मी 75 वर रंगवली, खांद्याजवळ 25 वर आले आणि चेहरा पूर्ण मोकळा सोडला, त्यामुळे पणजीच्या लुगड्यातून पणतू पुढे आल्यासारखे चित्र तयार झाले. याच पद्धतीने मागच्या वर्षीचा आणि यंदाचा चेहराही शेजारी-शेजारी विरघळवता येतो. त्यासाठी दोन्ही फोटो एकाच जागी आणि एकाच अंतरावरून काढलेले असावेत.

के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या व्यक्तिचित्रकाराचे आणि त्यांच्याकडे शिकलेले चित्रकार रवी परांजपे यांचे हे बेळगाव आहे, म्हणून आपल्या घरच्या भिंतीवरही थोडे रेखून केलेले पोर्ट्रेट असावे, असे मला वाटते. स्नॅपसीडमधले ड्रामा आणि ग्रंज हे तयार परिणाम मात्र लहान मुलाच्या चेहऱ्याला शोभत नाहीत. त्यांनी कोवळी त्वचा खरखरीत दिसते.

छपाईसाठी क्रॉपमध्ये 5:4 हे प्रमाण निवडावे, म्हणजे 8 × 10 इंचांच्या कागदावर फोटो कडेला कापला जात नाही. या आकाराच्या चांगल्या छपाईला 2400 × 3000 पिक्सेल लागतात, तेव्हा क्रॉप करताना फार कापू नये. मोबाइलचा पडदा स्वतः उजळतो आणि कागद तसा उजळत नाही, म्हणून शेवटी ब्राइटनेस किंचित वाढवावा. फाइल व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवली तर लहान होते; ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी किंवा पेन ड्राइव्हवर न्यावी. कागद मॅट, म्हणजे चकाकी नसलेला, घ्यावा, आणि लॅबमधल्या मुलाला छापण्याआधीच स्पष्ट सांगावे की रंग आपल्या मनाने सुधारू नकोस, वर्ण आहे तसाच येऊ दे.