पेंटॅक्स पॅपिलिओ टू ६.५×२१ : फुलपाखरंवाल्यांची दुर्बीण

पक्ष्यांसाठी दुर्बीण शोधत असाल तर ही घेऊ नका. मी फुलपाखरांसाठी घेतली आणि कच्छला नेली. आमच्या घरातली जुनी दुर्बीण दोन-तीन मीटरच्या आतलं सगळं धूसर दाखवते. ही अर्ध्या मीटरवर बसलेलं फुलपाखरू स्वच्छ दाखवते. जवळचं बघायला चक्र फिरवलं की पुढची भिंगं आपोआप एकमेकांकडे सरकतात, त्यामुळे डोळ्यांना ताण पडत नाही.

खरा कस लागला बन्नीच्या गवताळ प्रदेशात, छारी ढंढ या पाणथळीच्या बाजूला. तिथे गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, इतका माजलाय की आधी ‘पिलू’ नावाचं झुडूप शोधावं लागतं. कच्छी माणसं त्याला खारी जार म्हणतात. पान चावून बघा, मोहरीसारखा झणका येतो. पांढऱ्या-पिवळ्या कुळातल्या बऱ्याच फुलपाखरांच्या अळ्या अशा झणक्याच्या झाडांवरच वाढतात, म्हणून झुडूप सापडलं की अर्धी ओळख पटली.

उरलेली अर्धी अवघड. ब्लू-स्पॉटेड अरब, स्मॉल सॅमन अरब आणि व्हाइट अरब, या तिन्ही फुलपाखरांच्या अळ्या पिलू खातात. उन्हात जमिनीलगत भिरभिरताना सगळी फिकट चिंधी! बसू द्यावीत, आपली सावली पडू न देता हळूच वाकावं आणि पंख उघडायची वाट बघावी. व्हाइट अरब पांढरं, पुढच्या पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरे ठिपके. स्मॉल सॅमन नारिंगी-गुलाबी, कडा काळ्या. ब्लू-स्पॉटेडच्या नराचा पुढचा पंखही गुलाबीच, पण बुडाशी निळसर राखाडी भुकटी शिंपडल्यासारखी दिसते. ही भुकटी या दुर्बिणीतून मला दाणादाणा दिसली, आणि माझे तरी पैसे तिथेच वसूल झाले.

८.५ पटीचीही मिळते. पण पट जास्त तितकं चित्र हलतं आणि माझा हात थरथरतो, म्हणून ६.५ पटीची घेतली. वजन तीनशे ग्रॅमच्या आत, दिवसभर गळ्यात असली तरी मान दुखत नाही. भिंगं २१ मिलिमीटरचीच, त्यामुळे संध्याकाळी अंधुक दिसतं. पण तोवर फुलपाखरंही झोपलेली असतात. पाणीरोधक नाही, ही मात्र खरी उणीव. पावसाळ्यात नेणार असाल तर सोबत प्लॅस्टिकची पिशवी ठेवा.