डिस्कॉर्डची टोपणनावं: भारी, पण पूर्ण मुखवटा नाही
डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपचं मला सगळ्यात काय आवडतं तर अकाउंट एकच पण प्रत्येक सर्व्हरवर (म्हणजे तिथल्या ग्रुपवर) टोपणनाव वेगळं ठेवता येतं, म्हणजे गेमिंगवाल्यांत मी शिव्या घालणारा 'काळा बोका' आणि कवितांच्या सर्व्हरवर एकदम शालीन 'प्राजक्त', आणि खरं सांगू का, दोन्ही मीच, नाटक कुठलंच नाही. नाव बदलणं फुकट, पण सर्व्हरगणिक फोटोही वेगळा हवा तर नायट्रोचे, म्हणजे डिस्कॉर्डच्या पेड सबस्क्रिप्शनचे, पैसे मोजा (मुखवट्याला पण भाडं!). २०२३ मध्ये नावामागचे ते चार आकडे काढून युनिक युजरनेम आणलं, ते मात्र सगळीकडे सारखंच, शिवाय प्रोफाइल उघडलं की दोघांचे कॉमन सर्व्हर पण दिसतात. एखादं रूप खरंच लपवायचं असेल तर सरळ दुसरं अकाउंट काढा. माझ्याकडून चार स्टार.