जुना व्हीसीआर आज घ्यावा का? व्हिडिओ लायब्ररीची आठवण येणाऱ्यांसाठी एक परीक्षण

माळ्यावर कॅसेटींचं खोकं आहे, पण लावायला मशीन नाही, अशी असंख्य घरं आहेत. लग्नाची कॅसेट, मुंजीची, दूरदर्शनवरून उतरवून घेतलेलं एखादं नाटक आणि गल्लीतली व्हिडिओ लायब्ररी बंद होताना मालकाने स्वस्तात काढून टाकलेले दोन-चार सिनेमे. हे परीक्षण अशा घरांसाठी आहे.

नवा व्हीसीआर आता कुठेच मिळणार नाही. शेवटपर्यंत व्हीएचएस (घरोघरी चाललेली व्हिडिओ कॅसेटची पद्धत) मशीन बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. हाती येईल ते जुनंच, आणि आपल्याकडे बहुतेक मशीन ऐंशी-नव्वदच्या दशकातलं: नॅशनल, अकाई, जेव्हीसी, सोनी, फुनाई, व्हिडिओकॉन. मत आधीच सांगून टाकतो. तुमच्याकडे दुसरीकडे कुठेच नसलेलं चित्रण असेल आणि हाताने थोडं काम करायची तयारी असेल, तर जरूर घ्या. ओटीटीवर सहज मिळणारे सिनेमे कॅसेटवर पाहण्यासाठी मात्र घेऊ नका.

याचं कारण समजायला लायब्ररी कशी चालायची ते आठवावं लागेल. शेमारूने १९६२ मध्ये मुंबईत पुस्तकांची फिरती लायब्ररी म्हणून सुरुवात केली आणि १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला घेतल्या. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, आखातातून येणाऱ्यांच्या सामानात व्हीसीआर दिसू लागले आणि मग प्रत्येक पेठेत, प्रत्येक नाक्यावर लायब्ररी निघाली. डिपॉझिट भरायचं, रोजच्या भाड्याने कॅसेट न्यायची. घरी मशीन नसेल तर रात्रीपुरता टीव्ही, व्हीसीआर आणि तीन सिनेमे असा अख्खा संच यायचा. १९९२ नंतर केबल पसरली, मागोमाग सीडी आली आणि ही दुकानं एकेक करून झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्जची झाली.

या सगळ्यात गिऱ्हाइकाला न दिसणारं एक काम होतं. परत आलेली कॅसेट मालक रिवाइंड करायचा, चुरगळलेला तुकडा कापून फीत जोडायचा, खोकं फुटलं असेल तर रीळ दुसऱ्या खोक्यात बसवायचा. भाड्याने द्यायच्या मशीनचं हेड, म्हणजे फितीवरचं चित्र वाचणारा भाग, साफ करायचा. आज तुम्ही व्हीसीआर घेता तेव्हा हे सगळं काम तुमच्या अंगावर येतं. ते ज्याला आवडेल त्याला हे मशीन भरभरून देतं.

खरेदी कुठे करायची? मुंबईत चोर बाजार, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, किंवा ऑनलाइन जुन्या वस्तूंच्या जाहिराती. ‘पॉवर येतो, बाकी चेक केलं नाही’ असं म्हणणाऱ्याचं मशीन बंदच आहे असं धरून भाव करा. शक्य असेल तर स्वतःची एक बिनमहत्त्वाची कॅसेट घेऊन जा. ती आत घालून तीन वेळा बाहेर काढा. पाच-दहा मिनिटं चालवा. चित्र चालू असतानाच पुढे-मागे पळवून बघा. मग फीत जवळजवळ शेवटाला नेऊन पुन्हा प्ले करा. ही शेवटची चाचणी कोणी करत नाही आणि तीच सगळ्यात उपयोगाची आहे: फीत गुंडाळणारं चाक भरलेलं असताना त्याची ओढ सर्वात कमी पडते, त्यामुळे आयडलर, म्हणजे त्या चाकाला फिरवणारं छोटं रबरी चाक, कमजोर असेल तर तो इथे उघडा पडतो.

फक्त प्ले करणारा व्हीसीपी घ्यावा की व्हीसीआर, दोन हेडचा की चार हेडचा, हायफाय आवाजाचा की साधा? लायब्ररीच्या कॅसेटींपुरता साधा दोन हेडचा व्हीसीपीसुद्धा पुरतो. त्या कॅसेटींवर आवाज बहुधा साध्या ट्रॅकवर, मोनोच असतो. हायफाय मशीन घेऊन त्यात भर पडत नाही. चार हेडचा फायदा मुख्यतः थांबवलेल्या चित्रात आणि लाँग प्ले (फीत हळू चालवून जास्त वेळ बसवणाऱ्या) रेकॉर्डिंगमध्ये दिसतो. ब्रँडपेक्षा मशीन किती चाललंय आणि कुठे ठेवलं होतं हे जास्त महत्त्वाचं. कोकणातल्या बंद घरात दहा पावसाळे काढलेल्या मशीनपेक्षा कोरड्या हवेतलं, थोडं घासलेलं मशीन कधीही बरं.

आता बिघाड. कॅसेट आत जाते आणि लगेच बाहेर येते: लोडिंगचा पट्टा सैल झालाय, किंवा मोड स्विचचे (यंत्रणा आत कोणत्या स्थितीत आहे ते मशीनला सांगणारा स्विच) संपर्कबिंदू काळे पडलेत. फीत आत अडकते, मशीन कॅसेट ‘खातं’: आयडलरचं रबर कडक होऊन घसरतंय. कॅप्स्टन (फिरणारा बारीक दांडा) आणि पिंच रोलर (फीत त्यावर दाबणारं रबरी चाक) फीत पुढे ढकलत राहतात, पण गुंडाळणारं चाक फिरत नाही, म्हणून ती आत साचते. अशा वेळी कॅसेट जोरात ओढू नका. प्लग काढा, झाकण उघडा, लोडिंग मोटरची पुली बोटाने सावकाश फिरवून फीत मोकळी करा आणि कॅसेटचं चाक फिरवून ती आत गुंडाळा. मशीन अजिबात चालू होत नाही किंवा डिस्प्ले लुकलुकतो: पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकलेत. हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या, कारण त्या भागात थेट मेनचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतो.

पट्टे आणि आयडलरचं रबर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास विचारून बघा. मॉडेलच्या नावाने मिळाला नाही तर जुना पट्टा सोबत न्या आणि मापाने घ्या: आतला घेर आणि जाडी. नवा पट्टा जुन्यापेक्षा किंचित लहान हवा, कारण जुना ताणलेला असतो.

एक गोष्ट नवख्यांना हमखास फसवते. झाकण काढून मशीन तपासताना ते फीत पळवायला घेतं आणि थांबतं, पुन्हा घेतं आणि पुन्हा थांबतं. मोटर गेली असं वाटतं. खरं तर व्हीएचएसमध्ये फितीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक तुकडा असतो; त्यातून आलेला प्रकाश सेन्सरला दिसला की फीत संपली असं मशीन समजतं. झाकण उघडं असताना खोलीतला दिवा किंवा खिडकीतलं ऊन त्याच सेन्सरवर पडतं. वर पुठ्ठा धरला की मशीन सुरळीत चालतं.

हेड साफ करणं हे या सगळ्यातलं सर्वात नाजूक काम. आवाज व्यवस्थित येतोय पण पडदाभर मुंग्या आहेत, म्हणजे हेडमध्ये कचरा बसलाय. चित्रण वाचतो तो ६२ मिलिमीटर व्यासाचा तिरका चकचकीत ड्रम. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत तो मिनिटाला १,५०० फेरे घेतो. त्याच्या कडेला फेराइटची बारीकशी हेडं असतात, नखाच्या धक्क्यानेही त्यांचा टवका उडतो. प्लग काढा. साध्या पांढऱ्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा. ती ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून सावकाश फिरवा. पट्टी वर-खाली कधीही घासायची नाही. हेड तुटतं ते तिथेच. काळी रेघ येणं थांबेपर्यंत नवी पट्टी घेत राहा. कानातला कापूस ड्रमला अजिबात लावू नका, त्याचा धागा हेडमध्ये अडकतो. कॅप्स्टनचा दांडा, फीत नेणारे खांब आणि आवाजाचं हेड यांना मात्र कापूस चालतो. पिंच रोलर रबराचा आहे, त्याला अल्कोहोल जास्त लावलं की तो कोरडा पडतो. ओलसर कापड पुरे. मग अर्धा तास वाळू द्या.

मुंग्या पडदाभर नसून वरच्या किंवा खालच्या पट्ट्यातच असतील तर आधी ट्रॅकिंग (फितीवरचं चित्र हेडशी जुळवून घेणारं बटण) फिरवा. त्याने पट्टा सरकतो पण जात नाही असं झालं, तर फीत नेणाऱ्या खांबांची उंची बिघडलेली असू शकते. ती स्वतः फिरवायला जाऊ नका, एका कॅसेटला जुळवाल आणि बाकीच्या सगळ्या बिघडतील. फितीच्या वरच्या कडेला आवाज असतो आणि खालच्या कडेला चित्राची लय सांभाळणारा कंट्रोल ट्रॅक. म्हणून वरची कड चुरगळली की आवाज जातो-येतो, आणि खालची चुरगळली की चित्र फाटतं, धावतं. मशीनला दोष देण्याआधी दुसरी कॅसेट लावून बघा.

बुरशीबद्दल मात्र कडक राहा. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून रिळाकडे टॉर्च मारा. कडेला पांढरी पावडर, ठिपके किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही. एकदा घातली की बुरशी ड्रमवर आणि खांबांवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटींना लागते. आपल्याकडचा पावसाळा पाहता जुन्या खोक्यातल्या बऱ्याच कॅसेटी अशा निघतात. त्या वेगळ्या काढा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत पूर्ण कोरड्या होऊ द्या आणि साफसफाईसाठी वेगळं, टाकाऊ मशीन ठेवा. फार मोलाची कॅसेट असेल तर ती व्यावसायिक डिजिटायझेशनवाल्याकडे द्या. देताना बुरशीची कॅसेट घेता का आणि ती साफ कशी करता, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर अडखळत आलं तर परत फिरा.

फीत तुटली असेल तर कॅसेटचे पाच स्क्रू काढून ती जोडता येते. दोन्ही टोकं सरळ कापा, एकमेकांना भिडवा, आणि चिकटपट्टी फितीच्या आतल्या बाजूने, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूने लावा. ती फीत जोडायची खास पट्टीच हवी. घरातल्या सेलोटेपचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि ड्रमला चिकटतो. जोडलेली कॅसेट एकदा चालवून तिचं चित्रण उतरवून घ्या, पुन्हा पुन्हा लावू नका.

कॅसेटवरचे आकडेही बघून घ्या. ई-१८० म्हणजे पालमध्ये तीन तास; हिंदी सिनेमा साधारण तेवढ्यात बसायचा, म्हणून लायब्ररीत याच जास्त. ई-२४० ची फीत पातळ असते, ती जुन्या मशीनमध्ये लवकर चुरगळते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली बारशाची किंवा गृहप्रवेशाची कॅसेट टी-१२० असते आणि तिच्यावरचं चित्रण एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीचं. साध्या पाल व्हीसीआरवर ते नीट दिसत नाही, त्यासाठी एनटीएससी प्लेबॅक असलेलं किंवा मल्टिसिस्टम मशीन लागतं. घरात अशा कॅसेटी असतील तर खरेदीआधीच हे ठरवा.

नव्या टीव्हीला जोडताना पिवळी तार चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. बऱ्याच टीव्हींना आता या गोल जागा नसतात, एकच छोटी एव्ही पिन असते आणि तिची वेगळी केबल लागते. तीही नसेल तर एव्हीवरून एचडीएमआय करणारी डबी घ्या. टीव्हीत चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा, नाहीतर सगळी माणसं रुंद आणि बुटकी दिसतात. खराब फितीवर एलईडी टीव्ही अधूनमधून निळा पडदा दाखवतो. जुना डबा टीव्ही तोच डळमळता सिग्नल सांभाळून घ्यायचा, नवा थेट ‘सिग्नल नाही’ म्हणतो.

कॅसेट संगणकावर उतरवायला यूएसबी कॅप्चर स्टिक पुरते. सेटिंगमध्ये पाल-बी निवडा. एनटीएससी राहिलं तर चित्र कृष्णधवल येतं किंवा फिरत राहतं, आणि लोक मशीन बिघडलं म्हणून परत करतात. ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. एमपेग-२ मध्ये ८ मेगाबिटने उतरवलं तर तीन तासांची कॅसेट साधारण ११ जीबी होते. घाई नाही, तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. काही अधिकृत सिनेमांच्या कॅसेटींवर नक्कलविरोधी सिग्नल असतो. उतरवताना चित्र उजळतं-मंदावतं ते त्यामुळे, तुमच्या स्टिकचा दोष नाही. घरगुती चित्रण मनसोक्त उतरवा. सिनेमांचे हक्क निर्मात्यांचे आहेत. व्हिडिओच्या चोरीला आळा घालण्यासाठी कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये मुद्दाम बदल झाला होता.

चित्राबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर व्हीएचएसचा आडवा तपशील सुमारे २४० रेषांचा. त्यात लायब्ररीची कॅसेट बऱ्याचदा नकलेची नक्कल. प्रत्येक नकलेत रंग थोडे बाहेर सांडतात, आवाजात खरखर वाढते. वरून सिनेमाच्या खालच्या भागात साड्यांच्या दुकानांची सरकती जाहिरात. तोच सिनेमा ओटीटीवर स्वच्छ दिसतो, यात वाद नाही. पण ओटीटीवर सिनेमा कराराच्या मुदतीपुरता असतो. मुदत संपली की शोधूनही सापडत नाही, आणि ‘मागवून ठेवतो, शनिवारी या’ म्हणणारं तिथे कोणी नाही. त्या वेळच्या कितीतरी मराठी नाटकांची, स्थानिक कार्यक्रमांची चित्रणं कोणत्याच ओटीटीवर आलेली नाहीत. ती अजून कुणाच्या तरी माळ्यावरच आहेत, आणि दरवर्षीच्या पावसाळ्यात त्यातली काही जातात. हे मशीन त्यांच्यासाठी घ्यावं, अगदी या वर्षीच.

घेतल्यावर महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा, म्हणजे रबर आणि ग्रीस बसत नाही. कॅसेट आत ठेवून मशीन बंद करू नका. पावसात बाहेरून आणलेलं मशीन दोन तास तसंच राहू द्या. डिस्प्लेवर दवाची खूण दिसली तर ती जाईपर्यंत काहीही लावू नका, ओल्या ड्रमला फीत चिकटते. कॅसेटी पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारख्या उभ्या, स्पीकरपासून लांब ठेवा. आणि उतरवायला बसाल तेव्हा लग्नाची कॅसेट आधी लावू नका. आधी टाकाऊ कॅसेट, मग सिनेमा, आणि मशीन दोन्हीवर बिनतक्रार चाललं की मगच लग्न.