ड्रॉप स्पिंडल, टकळी की पेटी चरखा?

पुण्यात सूत कातायचं म्हटलं की आधी पेटी चरखा आठवतो. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्याच्या रचनेत लक्ष घातलं, म्हणून त्याला येरवडा चक्रही म्हणतात. पण पहिल्याच दिवशी तो घेऊ नका. उजवा हात मूठ फिरवण्यात अडकतो आणि पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, तंतू सोडायचं सगळं काम एकट्या डाव्या हातावर येतं. मूठ एकदा फिरली की चाती, म्हणजे सूत गुंडाळलं जातं ती सळई, कितीतरी वेळा फिरते. आपण गोंधळेपर्यंत धाग्याच्या गाठी झालेल्या असतात.

उरल्या टकळी आणि ड्रॉप स्पिंडल. दिसायला बहिणीच: एक काडी, एक चकती. टकळीचं टोक वाटीत टेकलेलं असतं, तिचं वजन वाटी पेलते. ड्रॉप स्पिंडल मात्र धाग्यालाच लोंबकळते, म्हणजे नुकता वळला जाणारा धागा तिला तोलून धरतो. लोकरीचे तंतू लांब आणि खरबरीत, ते एकमेकांना धरून ठेवतात. कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा. पीळ कमी पडला की सटकला. मी हे न कळता जड स्पिंडलवर कापूस लावला होता. संध्याकाळभर ती शहाबादी फरशीवर आपटत राहिली, शेवटी खालच्या काकू वर आल्या. "काय पाडताय हो सारखं?"

तेव्हा आधी तंतू ठरवा. कापूसच हवा असेल तर टकळी आणि चांगले पेळू. मेडिकलमधला कापूस नको. त्यातला मेणाचा अंश काढलेला असतो, तंतू नीट ओढले जात नाहीत. देवाच्या वाती वळायची सवय असलेल्या हातांना टकळी लवकर जमेल. (तोंडाची टकळी चालू ठेवूनही जमते, पण नंतर.)

नुसतं शिकायचं असेल तर मी लोकर आणि ड्रॉप स्पिंडलच सुचवेन. विंचरलेली लोकर ऑनलाइन मागवा. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण नवख्या बोटांना राठ लागते. स्पिंडल घरीच करा: दोन जुन्या सीडी, बोहरी आळीतून आणलेली गोल काडी आणि वर एक आकडा. सीडीचं भोक मोठं पडतं, म्हणून काडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून त्या घट्ट बसवा. वजन चाळीस-पन्नास ग्रॅमपर्यंत ठेवा.

सुरुवातीला लोंबकळू देऊच नका. फिरवा, गुडघ्यांत धरून थांबवा, मग दोन्ही हात मोकळे ठेवून लोकर हळूहळू ओढा. साठलेला पीळ बोटांमागून वर चढताना दिसतो. धागा सैल सोडून पाहा. स्वतःभोवती दुमडला तर पीळ पुरेसा आहे, नुसता लोंबला तर अजून फिरवा.