स्पिटफायर मार्क ९ चं पीआर ११: कन्व्हर्जन संच, लांबी-पुट्टी आणि एक अख्खा पावसाळा

खोकं उघडल्या उघडल्या लिहिलेले रिव्ह्यू ढिगाने मिळतात. रेझिन किती गुळगुळीत, कास्टिंग किती रेखीव, वगैरे. पण मॉडेल पुरं होऊन काही महिने शेल्फवर उभं राहिल्यावर, आणि तेही नेरूळच्या खाडीकडच्या दमट हवेत, त्याचं काय होतं हे फारसं कोणी लिहीत नाही. माझ्या मॉडेलने आता एक अख्खा पावसाळा काढलाय, त्यामुळे बोलायला हरकत नाही.

बेस किट १/७२ मधली (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी) स्पिटफायर मार्क ९, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेपंधरा सेंटीमीटरच्या आसपास, पोळीच्या डब्यात आरामात मावते. तिची पीआर ११ करण्यासाठी घेतलेल्या रेझिनच्या कन्व्हर्जन संचात नाकाखालचं फुगीर काउलिंग (इंजिनावरचं आवरण), व्हॅक्युफॉर्मची (पातळ प्लास्टिक तापवून साच्यावर ओढलेली) गोल विंडस्क्रीन, दोन कॅमेरे आणि शेपटीचं चाक. दोन्ही परदेशी. कस्टम आणि टपाल धरून संच किटपेक्षा महाग पडला. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की मूळ मुद्दा राहतो बाजूला आणि कोणती कंपनी भारी यावरच जुंपते.

पीआर ११ म्हणजे टेहळणीचे फोटो काढायची स्पिटफायर (पीआर म्हणजे फोटो रिकॉनिसन्स). बंदूक एकही नाही. तोफांच्या जागी पंखांच्या पुढच्या कडेत पेट्रोलच्या टाक्या, दोन्हीकडे साधारण ६६-६६ गॅलनच्या. लांबच्या उड्डाणाला तेलही जास्त लागणार, म्हणून नाकाखाली मोठी तेलाची टाकी आणि त्यामुळे हनुवटी सुटल्यासारखं काउलिंग. समोरची चिलखती सपाट काच काढून तिथे एकसंध गोल काच. पायलटच्या मागे पोटात खाली बघणारे दोन कॅमेरे. आणि मागचं चाक आत ओढून घेता येणारं.

संचाची जाहिरात वाचली की वाटतं, चार भाग बदलले की झालं. तसं नाही. चार भाग लावायला दोन संध्याकाळी पुरतात. खरा वेळ जातो किटवर आधीपासून जे आहे ते पुसण्यात. मार्क ९ च्या पंखावर तोफांचे उंचवटे, तोफांची खुंटं, मशीनगनची भोकं, वर दारूगोळ्याची झाकणं, खाली काडतुसं बाहेर पडायच्या खाचा. हे सगळं नाहीसं व्हायला हवं, आणि असं की तिथे कधी काही होतं याचा संशयही येऊ नये. या कामात संच तुम्हाला काडीची मदत करत नाही. सूचनांच्या कागदावर एकच ओळ: पंखावरचे तपशील भरून घ्या. बरं!

गंमत म्हणजे खऱ्या विमानाचीही सुरुवात अशीच झाली होती. ऑगस्ट १९३९ मध्ये मॉरिस लाँगबॉटम या ब्रिटिश हवाई दलाच्या (आरएएफच्या) तरुण अधिकाऱ्याने एक टिपण लिहिलं: टेहळणीला मोठी, संथ, बंदुका लावलेली विमानं पाठवू नका, लहान, वेगवान, नि:शस्त्र विमान उंचावरून पाठवा, ते पळून येईल. वैमानिक सिडनी कॉटनने लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावर दोन स्पिटफायर मिळवल्या आणि त्यांतल्या बंदुका आणि रेडिओ काढून टाकला. बंदुकांची भोकं आणि पत्र्यांच्या फटी प्लास्टर ऑफ पॅरिसने बुजवल्या, घासल्या, पॉलिश केल्या. १८ नोव्हेंबर १९३९ ला लाँगबॉटमनेच त्यांतली एक फ्रान्समधल्या सेक्लाँहून जर्मनीतल्या आखनच्या दिशेने उडवली. थोडक्यात, लांबी (खळगे बुजवायची पुट्टी) भरून वॉटर पेपर मारणं हा या विमानाच्या इतिहासाचाच भाग. म्हणून पीआरच्या मॉडेलवर खोल पॅनल-रेषा आणि उठलेले रिव्हेट मला तरी खटकतात. या विमानाचा कारभारच मुळी गुळगुळीतपणावर चालायचा.

तर लांबी. माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. एक, गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळते ती ट्यूबमधली एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी. दुसरी, साधा सुपरग्लू आणि त्यात कालवलेली टाल्कम पावडर. डावा पंख पुट्टीने भरला, उजव्याच्या वेळी ट्यूब संपली म्हणून तो सुपरग्लूने. घासून, प्रायमर मारून, ट्यूबलाइटखाली धरला तेव्हा दोन्ही पंख सारखे. कोणता कशाने भरलाय हे मलाही ओळखता आलं नसतं.

ऑगस्टच्या शेवटी मॉडेल डब्यात घालून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला नेलं. नौपाड्यात एक काका आहेत, माझ्या जन्माच्या आधीपासून मॉडेलं करतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, विमान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि म्हणाले, "अगं, डाव्या पंखावर तोफेचं झाकण परत उगवलंय बघ."

उगवलंच होतं. रंगाखालून चौकोनाची बारीक कड दिसत होती, बोट फिरवलं तर लागत नव्हती, पण तिरक्या उजेडात स्पष्ट. एनसी पुट्टीतला थिनर आठवडेच्या आठवडे हळूहळू उडत राहतो आणि पुट्टी आक्रसते. थर जाड असेल तर जास्तच. वरून रंगाचं झाकण बसलेलं, म्हणजे आतला थिनर आणखी सावकाश निघणार. उजवा पंख मात्र आरशासारखा. सुपरग्लू वाळतो तेव्हा त्यातून उडून जाण्यासारखं फारसं काही नसतं, त्यामुळे खड्डा पडत नाही. त्याचा त्रास दुसरा: तासाभरात घासला नाही तर तो भोवतीच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतो, मग पेपर प्लास्टिक खातो आणि ग्लूचा उंचवटा तसाच राहतो. भरा, थोडं थांबा, त्याच बैठकीत ४०० नंबरच्या वॉटर पेपरने उतरवा, मग ८००, १०००, २०००. उद्यावर ढकलायचं नाही.

पुट्टी वाईट नाही. ओरखड्यांना, अगदी पातळ थराला ती उत्तम. पण तोफेच्या झाकणाएवढ्या खळग्यात ती भरायची असेल तर पातळ थर देऊन दोन-तीन आठवडे विसरून जायची तयारी हवी.

आता संचाकडे. नाकाचं रेझिन काउलिंग आकाराला नेमकं आहे, यात वाद नाही. फोटोंशी ताडून पाहिलं, हनुवटीचा उतार बरोबर. पण किटच्या नाकाशी जुळवताना दोन्ही बाजूंना फट राहते आणि ती सारखी नाही, उजवीकडे जास्त. तिथे मी एम-सील वापरलं. नळाच्या गळतीचं एम-सील मॉडेलला कशाला, म्हणून काकांनी नाक मुरडलं होतं, पण ते मळून लावलं, ओल्या बोटाने गुळगुळीत केलं, रात्रभर ठेवलं की दगड होतं आणि आक्रसत नाही. पावसाळ्यानंतर त्या सांध्यावर केसाएवढीही रेघ नाही. खरं सांगायचं तर हात बसलेला असेल तर अख्खी हनुवटीच एम-सीलची करता येईल. पुढच्या वेळी मी तेच करणार आहे.

विंडस्क्रीन व्हॅक्युफॉर्मची, पातळ आणि स्वच्छ. पण संचात एकच दिली आहे. कापताना सुरी सरकली तर दुसरी नाही, आणि सुरी सगळ्यांचीच सरकते. सुटे भाग देताना इतकी काटकसर कशाला ते कळत नाही. पर्याय म्हणून लाकडाचा साचा कोरा, मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण मेणबत्तीवर मऊ करा आणि साच्यावर दाबा. चार-पाच दाबल्यावर एक तरी नीट निघते. काच बसवायला सुपरग्लू चुकूनही नको, त्याच्या वाफेने काचेवर आतून धुकं चढतं.

कॅमेऱ्याच्या खिडक्या हा पावसाळ्याने शिकवलेला दुसरा धडा. पोटाला भोकं पाडून त्यांत लाकडाला लावायचा पांढरा गोंद भरला. वाळल्यावर छान पारदर्शक, आतली रेझिनची लेन्सही दिसायची. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही खिडक्या दुधाळ. हा गोंद हवेतलं पाणी ओढतो. पंखा लावून, डबा बंद करून, त्यात सिलिका जेलची पुडी टाकून पाहिली. थोड्या निवळल्या, पुन्हा दुधाळ झाल्या. शेवटी टोकरून काढला आणि नखांच्या पार्लरमध्ये वापरतात ते यूव्ही जेल भरून दिव्याखाली धरलं. तेव्हापासून काही झालेलं नाही.

रंगाची कथा वेगळी. हा रंग पीआरयू (फोटो रिकॉनिसन्स युनिट) ब्लू, ब्रिटिश प्रमाणात बीएस ३८१सी, क्रमांक ६३६. उंचावर आकाशात मिसळून जावा असा राखाडीकडे झुकणारा निळा. हम्ब्रोल या मॉडेलच्या रंगांच्या कंपनीचा २३० याच नावाचा आहे; एक डबी जपून ठेवलेली होती, पण ती अख्ख्या विमानाला पुरेल असं वाटेना. त्यातून प्लास्टिकचा एक चमचा रंगवला आणि तो घेऊन तुर्भ्याच्या एका गाडीच्या रंगाच्या दुकानात गेले. काउंटरवरचे गृहस्थ चमचा उलटसुलट बघत म्हणाले, "बोला मॅडम, कुठल्या गाडीला?"

"विमानाला."

"मग टू-के नका घेऊ, एनसी घ्या. विमान रोज धुवायचं थोडंच आहे?"

टू-के म्हणजे हार्डनर घालून वापरायचा पक्का रंग. डोळ्याने मिसळून त्यांनी जो एनसी रंग दिला तो चमच्यापासून वेगळा काढता येत नाही. एवढंच लक्षात ठेवा की एनसीचा थिनर थेट प्लास्टिकवर गेला तर प्लास्टिक चिरतं; खाली प्रायमर हवाच आणि लांबून हलके-हलके थर मारायचे. मी हे काम मे महिन्यात उरकलं. पाऊस सुरू झाल्यावर एनसी मारला की हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढरट पडतो. गाडीवाले रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारा थिनर) घालून निभावतात, पण आपल्या एवढ्याशा विमानावर तो खेळ नको. रंग फवारायच्या कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा भाग) नसेल तर आधी तो घ्या, संच नंतर. मे महिन्यातसुद्धा माझ्या ट्रॅपच्या काचेत पाणी दिसत होतं.

खुणा मी ६८१ स्क्वाड्रनच्या निवडल्या. १९४३ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमला उभं राहिलेलं हे आरएएफचं स्क्वाड्रन ब्रह्मदेशावर फोटो काढत फिरायचं. इकडच्या विमानांवरच्या गोल खुणेतला लाल ठिपका जपानी सूर्याच्या घोटाळ्यामुळे काढून टाकलेला, म्हणून फक्त दोन निळे. निळ्यावर निळं, दिसायला फार सुंदर. बहुतेक जण युरोपातल्या खुणा लावतात. आरएएफने बॉम्बने फोडलेल्या जर्मनीतल्या म्योन धरणाचे १७ मे १९४३ च्या सकाळचे फोटो ५४२ स्क्वाड्रनच्या जेरी फ्रेने काढले, ते सगळ्यांना माहीत असतं. आपल्या दारातल्या स्क्वाड्रनला कोणी विचारत नाही. डमडमलाच त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या ६८४ स्क्वाड्रनकडे मॉस्किटो नावाची विमानं होती, लाकडी. १९४४ च्या अखेरीस इकडच्या मॉस्किटोंच्या पंखांतले चिकटवलेले सांधे दगा देताना आढळले आणि विमानं तपासणीसाठी जमिनीवर ठेवावी लागली. चिकटवलेलं दगा देतं ते फक्त माझ्याच टेबलावर नाही तर!

बाकी भागांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. रेझिनचं शेपटीचं चाक ठीक. कॅमेरे सुबक आहेत, पण शरीर बंद केल्यावर त्यांतलं जेमतेम लेन्सचं टोक दिसतं. डेकल (खुणांचे पाण्याने चिकटवायचे छाप) किटच्या जुन्या पत्र्यावरची, तरी सहा महिन्यांत कुठे उचकटली नाहीत. खाली ग्लॉसचा थर होता.

घ्यावा का? मॉडेलिंगमध्ये नवे असाल तर नको, तेवढ्या पैशांत दोन साधी किटं येतात आणि पंख भरायचा सराव त्यांवर फुकट होतो. हात बसलेला असेल तर फक्त विंडस्क्रीनसाठी एवढा खर्च करावा का, हे तुमचं तुम्ही ठरवा. हनुवटी आणि कॅमेरे घरी होतात. मी पुन्हा घेणार नाही. डावा पंख मात्र पुन्हा घासायला काढलाय. रंग उतरवला, पुट्टी कोरून काढली, सुपरग्लू भरला आहे. तुर्भ्याच्या रंगाची बाटली अर्धी शिल्लक आहे, हवा जरा कोरडी झाली की डिसेंबरात मारते.